तुमच्याच घरचा सराटा

अफजलपूर
२४ जुलै

सौ. राजूबाई विहीणबाई यांना उमादेवीचे शरणु शरणार्थी.

फोन तुम्ही उचलत नाही. आता तर आमचा नंबर लागतही नाही. मंजूच्या भावानं, माउलीनं, तुमच्या फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं असावं. म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात धरावं लागतं.

मी तुमच्या मंजुश्रीची सासू. आपण एकमेकींना अजून पाहिलेलं नाही. दीड वर्षापूर्वी चन्नवीर तिला कलबुर्गीहून, कचेरीत सह्या करून घरी घेऊन आला, तेव्हा मी दारात पिठाच्या हातांनी उभी होते. लग्न झालंय हे मला त्या क्षणी कळलं, तुम्हाला संध्याकाळी कळलं असेल. तुमच्याकडं त्या दिवशी काय झालं ते मंजूनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ‘माहेरचं दार बंद झालंय’ एवढंच ती म्हणाली, आणि चहाचे कप विसळायला गेली.

माझं माहेर सोलापूरचं. सातवीपर्यंत मराठी शाळेत होते, म्हणून हे लिहिता येतंय. अक्षराला हसू नका.

बातमी अशी की मंजूला सातवा महिना लागला. ती मजेत आहे. फार गुणी मुलगी आहे तुमची. सांगितलेलं ऐकते, कधी उलटून बोलत नाही, दमली तरी दमले म्हणत नाही. काळजीचं काही नाही.

परवा आम्ही नदीकाठच्या वावरात गेलो होतो. उसाच्या खाली भीमेच्या वाळूचा पट्टा आहे. मी पुढं चालले होते तर मागून ही ओरडली, “आत्या, थांबा की! पाय टाकू नका, सराट्याला फुलं आल्यात!”

जमिनीला चिकटून पसरलेला वेल, हरभऱ्यासारखी बारीक पानं, आणि त्यावर ती नखाएवढी पिवळी फुलं. मी इतकी वर्षं तिथून जाते, पण मी त्याचे काटेच पाहिले होते. आमचे हे, म्हणजे काशप्पा, बांधावरून म्हणाले, “ते नेग्गिलु हाय गं. सायकलीची टायर खातंय ते. त्याला शिव्या द्यायच्या सोडून फुलं काय बघायलीस?”

ती म्हणाली, “मामा, एकदा भाजी खाऊन बघा. मग शिव्या द्या.”

आणि सातव्या महिन्याची बाई खाली बसून कोवळे शेंडे खुडायला लागली. मी नको म्हणाले नाही, कारण तिनं आपणहून काही हवं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. घरी येऊन शेंडे उकडले, पाणी पिळून काढलं, मूगडाळ आणि लसूण घालून परतले. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. (मजेत आहे असं वर लिहिलंय, ते बाकीच्या बाबतीत.)

जेवताना म्हणाली, “माझी आई ह्याला वरून जवसाची चटणी लावती.” ती तुमच्याबद्दल एवढंच बोलते: माझी आई असं करते, माझी आई तसं करते. पुढचं वाक्य नसतं.

तर विचारायचं ते असं. बाळंतपणाच्या डिंकाच्या लाडवांत तुम्ही हाच सराटा घालता म्हणे. आम्ही त्या लाडवांना अंटिन उंडी म्हणतो, पण आमच्यात हे काटे घालायची पद्धत नाही. कसे करता ते कळवाल का? तुम्हाला बोलायचं नसेल तर नुसती कृती लिहा. खाली नाव घालू नका. चालेल.

मी पत्र लिहितेय हे मंजूला माहीत नाही.

तुमची विहीण
उमादेवी


अफजलपूर
११ ऑगस्ट

राजूबाई विहीणबाई यांना शरणार्थी.

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. मी त्यालाच उत्तर समजते.

पंचमी झाली. तुमच्याकडं कसं असतं ठाऊक नाही, आमच्या गल्लीत पंचमीला एकही लेक सासरी राहत नाही. भाऊ येतो, बाप येतो, कुणी नाही तर चुलता येतो, आणि पिशवी उचलून घेऊन जातो. त्या दिवशी गल्लीत नुसत्या सासवा उरतात. आमच्या घरी मात्र सूनही उरली. सकाळी न्हाऊन, वेणी घालून, उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ आदल्या दिवशीच निवडलेले होते.

काशप्पांनी ते पाहिलं. ते आत गेले, पांढरा सदरा घातला, डोक्याला टॉवेल बांधला आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. “चल, मंजव्वा. पिशवी भर. मी तुझा भाऊ, न्यायला आलोय.”

“कुठं, मामा?”

“मामा न्हाई, अण्णा म्हण. माहेरी जायचंय.”

तिला खरंच पिशवी भरायला लावली. स्कूटरवर हळूच बसवलं, पुढच्या दारातून निघाले, बाजारातून गेले, देवळाला वळसा घातला, वाटेत भेटेल त्याला सांगितलं की बहिणीला माहेरी नेतोय. आणि आमच्याच घराच्या मागच्या दारात आणून उतरवली. तोपर्यंत मला फोन करून ठेवलेला: “तू आता तिची आई हायस. नीट कर.”

मी मागच्या दारात गेले. भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, म्हटलं, “आलीस का गं बाई? वाळलीस की किती! सासू खायला देत न्हाई का?”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “देती की. पण बोलून बोलून कान खाती.”

एवढं हसलो आम्ही! शेजारच्या रुद्रम्मा काय झालं बघायला भिंतीवरून डोकावल्या. मग झोका बांधला होता त्यावर ती बसली, काशप्पांनी हलकासा झोका दिला, आणि हसता हसता ती रडायला लागली. बराच वेळ. काशप्पा टॉवेल सोडून बाहेर निघून गेले. त्यांना अशा वेळी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा असतो.

हे तुम्हाला लावून बोलण्यासाठी लिहीत नाही. झालं ते सांगितलं.

रुद्रम्मांनी त्या दिवशी तिचे पाय पाहिले. थोडी सूज आहे. त्या म्हणाल्या, नेग्गिलाचा काढा द्या, माझ्या सासऱ्यांचा मुतखडा त्यानंच पडला होता. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोटुशीला असला काढाबिढा अजिबात नको. बाळंत झाल्यावर लाडू करा, खुशाल खाऊ दे. तेव्हा काढा नाही. लाडू मात्र ठरले.

अडचण अशी की आमच्या वाळूत आता फुलं आहेत आणि फळं हिरवी. ती वाळायला दसरा उजाडेल, बाई त्याच्या आसपासच बाळंत होणार. बाजारात पुडी मिळते, तिच्यावर ‘गोखरू’ छापलेलं असतं. शेतात सराटा म्हणून उपटून फेकायचं आणि दुकानात गोखरू म्हणून विकत आणायचं, गंमतच आहे. आणली एक. फोडली तर निम्मी किड्यांनी खाल्लेली.

मंजू म्हणते, आईकडं सराटा असतोच. तिची इच्छा आहे की लाडवांना तुमच्याच घरचा सराटा असावा. असेल तर पाठवाल का? फार नको. पोस्टानं आला तरी चालेल.

उमादेवी


अफजलपूर
३० ऑगस्ट

विहीणबाई,

पार्सल पोचलं!

पोस्टमन वीरण्णा लांबूनच हात वर करून आले. “अक्का, ह्यात तलवार हाय का काय?” जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेलं, लांबट, जड. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण शिक्का भालकीचा. मी टाके उसवले. आतून वर्तमानपत्र. वर्तमानपत्रातून निघालं एक लोखंडी उलथणं.

मी पुन्हा कागद झटकला. लुगड्याचा तुकडा झटकला. काटे नाहीत, पुडी नाही, चिठ्ठी नाही. फक्त उलथणं.

आता सांगते, आमच्या घरात काय झालं. चन्नवीर म्हणाला, “अव्वा, हा निरोप हाय. ‘तुमच्या घरात करपायलंय, उलथा’ असा.” काशप्पांनी ते हातात घेऊन वजन केलं. “छे छे. बीगतीनं हत्यार पाठवलंय. पोरीला नीट सांभाळा, न्हाई तर हे घेऊन मी स्वतः येते.” आणि चन्नवीरला म्हणाले, “तू जरा मागंच राहा. पहिला तुझा नंबर.” (बीगती म्हणजे आमच्यात विहीण. शिवी नाही.)

मला मात्र वाईट वाटलं. मी काटे मागितले आणि त्यांनी लोखंड पाठवलं, असं मनात आलं. उलथणं कपाटावर, मंजूला दिसणार नाही असं ठेवायला निघाले, तर ती न्हाणीघरातून बाहेर आली. केसांतून पाणी गळत होतं. तिनं ते पाहिलं, माझ्या हातातून ओढून घेतलं, आणि पोटाशी धरून भिंतीला टेकली.

“आत्या, हे कुठनं आलं?”

मग मला सगळं सांगावं लागलं. पत्रांचंही. मी म्हटलं, “मी सराटा मागितला होता गं. त्यांनी हे पाठवलं.”

ती म्हणाली, “आत्या, सराटाच की हा! आमच्याकडं ह्यालाच सराटा म्हणत्यात!”

मग ती जी हसायला लागली, तिला धरून खाली बसवावं लागलं. सोलापुरात आम्ही उलथणं म्हणतो, नाही तर कलथा. तुमच्या गावी, मेहकरला, काट्यालाही सराटा आणि ह्यालाही सराटा, हे मला कुठून माहीत असणार? ‘तुमच्याच घरचा सराटा हवा’ असं मी लिहिलं, आणि तुम्ही चुलीपुढचा उचलून दिलात. आता मला वाटतंय ते विचारते: लाडवांचं, फुलांचं एवढं लिहिलेलं असून लेकीनं उलथणं का मागवलं, असं तुम्हाला वाटलं नाही का? की वाटलं, आणि तरी दिलंत?

मंजूनं त्याची कड दाखवली. एका बाजूनं झिजलेली आहे. म्हणाली, “माझी आई डावरी हाय. हा तिच्या हाताचा सराटा. दुसऱ्या कुणाला येत न्हाई हा वापरायला.” खरं आहे. मी काल त्यानं भाकरी उलथायला गेले, भाकरी अर्धी तव्यावर आणि अर्धी चुलीत. मंजूला मात्र येतो. ती डावरी नाही, पण तुमच्याकडं बघून शिकलीय, म्हणून भाकरीपुरती डावरी होते.

‘माझी आई’ नंतरचं वाक्य आता येतं. काल रात्रीचं जेवण होईस्तोवर ते उलथणं तुम्ही कुणाकुणावर उगारलंत, ते सगळं ऐकलं. तिच्या वडिलांवर, उद्धवरावांवरसुद्धा एकदा!

पण तुम्ही तिकडं भाकरी कशानं उलथता?

आता स्पष्ट लिहिते. मला काट्याचा सराटा हवा होता. जमिनीवरचा. पिवळ्या फुलाचा. गोखरू. नेग्गिलु. आणखी एखादं नाव असेल तर तेही.

उमादेवी


अफजलपूर
१५ सप्टेंबर

राजूबाई,

परवा माउलीच्या फोनवरून तुमचा आवाज आला. मी ताक घुसळत होते. मंजूनं मला हात करून जवळ बसवलं, म्हणून माझ्याही कानावर पडलं.

हॅलो नाही, काही नाही. “सराटा म्हणल्यावर सराटाच पाठिवणार की! काट्याचा, असं म्हणायचं होतं. शिकली-सवरलेली हाय ना तुझी सासू?”

मग तुम्ही जी सुरुवात केलीत. काटे दुधात शिजवायचे. मऊ पडले की सावलीत वाळवायचे. तुपावर बेतानं भाजायचे, लाल होऊ द्यायचे नाहीत. खलबत्त्यात कुटायचे, मिक्सरमध्ये नाही. मलमलच्या फडक्यातून गाळायचे, परत कुटायचे, परत गाळायचे, कुसळ राहिलं तर बाळंतिणीच्या घशाला लागतं. मग डिंक, खारीक, खोबरं, गूळ, जायफळ. मंजू कॅलेंडरच्या मागं लिहीत होती. लिहिताना मान हलवत होती, जसं काही तुम्हाला दिसतंय.

शेवटी तिनं विचारलं, “आई, तू कशी हायस?”

आणि फोन कट झाला.

रेंज गेली की तुम्ही ठेवलात, ह्यावर आमच्या घरात वाद झाला. काशप्पांचं म्हणणं रेंज. मी तुमच्या बाजूनं बोलले. म्हटलं, त्यांनीच ठेवला. रडू आलं की फोन ठेवायचा असतो.

आतापर्यंत लिहिलं नव्हतं ते लिहिते. सूज थोडी नाही. रक्तदाब वर जातोय. डॉक्टरीणबाई दर आठवड्याला बोलावतात, मीठ बंद केलंय, डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलंय. त्या म्हणतात घाबरू नका, लक्ष ठेवून आहोत. मी घाबरत नाही असं मंजूला सांगते आणि ती घाबरत नाही असं मला सांगते. दोघी एकमेकींना छान फसवतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज तुमच्यात आणि आमच्यात एकच. माझ्या मनात होतं, तुमचा राग ओसरला तर स्वतः तिला मेहकरला आणून सोडेन. आता तो रस्ताही बंद. एवढा प्रवास तिला करू देत नाहीत.

मग मला असं सुचलं: लेकीला माहेरी जाता येत नसेल तर माहेरानं लेकीकडं यावं.

तुम्ही या. स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. मी सोप्यात झोपेन. कुठला डबा कुठं ठेवायचा, बाळंतिणीला काय द्यायचं, काय नाही, सगळं तुमच्या मनासारखं. मी सासू म्हणून एक शब्द बोलणार नाही. (बोलले तर सराटा आहेच.) उद्धवरावांना यायचं नसेल तर नको. त्यांच्यावर मी रागावलेली नाही, हे त्यांना सांगितलं तर त्यांना आणखी राग येईल, म्हणून सांगू नका.

हे पत्र वाचून तुम्ही काय ठरवाल ते मला कळणार नाही. तुम्ही काही कळवत नाही, नुसतं करता. तसंच करा.

उमा


अफजलपूर
५ जानेवारी

राजूबाई,

तुम्हा सगळ्यांना जाऊन दीड महिना झाला. रोज फोन होतो, तरी हे पत्र लिहितेय, कारण काही गोष्टी फोनवर माझ्या तोंडून निघत नाहीत. शिवाय मला तुमच्याशी भांडायचंय. ते शेवटी.

तुम्हाला एक ठाऊक नाही. तुम्ही सप्टेंबरअखेर बसमधून उतरलात तेव्हा मी स्टँडवर तासभर आधीपासून होते. तुम्ही उतरलात, सराट्याच्या काट्यांचा पत्र्याचा डबा छातीशी धरलेला, दुसऱ्या हातानं पदर नीट करत इकडंतिकडं बघायला लागलात, आणि मी रसवंतीच्या मागं लपले. एवढी पत्रं लिहिलेली बाई समोर आल्यावर बोलायचं काय? रसवाला म्हणाला, “अक्का, रस पाहिजे का आडोसा?” तेव्हा बाहेर आले. आणि एवढं सगळं मनात असून विचारलं काय, तर प्रवास बरा झाला का. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, “माझा सराटा कुठाय?”

तिथंच मला तुम्ही आवडलात.

दवाखान्यातली ती दुपार मी विसरणार नाही. रक्तदाब चढला, तिला आत नेलं, चन्नवीर भिंतीला डोकं लावून उभा. मी फेऱ्या मारत होते. तुम्ही ओरडलात, “बसा की! कामून फिरायलाव? तुमच्या फिरण्यानं लेकरू लवकर येणार हाय का?” आणि माझा हात धरून बसवलंत. तो हात तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. मग आतून आवाज आला. सराटीचा. (काशप्पांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, बोट धरलं की सोडत नाही म्हणून. बारशाला ठेवलेलं नाव त्यांच्या अजून तोंडात बसलेलं नाही.)

पण सांगायचं ते वेगळंच. दिवाळीनंतर आपण दोघी वाळूत गेलो होतो, पुढच्या वर्षासाठी सराटा गोळा करायला. मी एकेक काटा चिमटीनं उचलायला लागले, बोटं टोचून घेतली. तुम्ही जुनी घोंगडी आणली होती. “उचलायचा न्हाई, बाई. त्यालाच चिकटू द्यायचं,” म्हणालात. दोन टोकं तुमच्या हातात, दोन माझ्या, आणि ती घोंगडी वाळूवरून ओढत आपण अख्खा पट्टा फिरलो. उलटी करून पाहिली तर काट्यांनी भरलेली. मला नवल वाटलं आणि हसूही आलं: दोन विहिणी, नदीकाठी, घोंगडी ओढतायत. लोक काय म्हणाले असतील!

तेव्हा तुम्ही घोंगडी झटकता झटकता, माझ्याकडं न बघता विचारलंत, “म्या उत्तर देत नव्हते. तरी तुमी कामून लिहीत राहिलाव?”

मी म्हटलं, मला लिहायची हौस आहे. तुम्ही हूं म्हणालात. ते उत्तर खरं नव्हतं. खरं आज लिहिते.

मंजू फार गुणी आहे, उलटून बोलत नाही, असं मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. कौतुक म्हणून लिहिलं, पण मला त्याचीच भीती वाटत होती. दीड वर्षात ती एकदाही रुसली नाही. भाजी खारट झाली तर मुकाट खायची. माझं चुकलं तरी ‘बरं, आत्या’. पाहुणे आपल्या घरी वागतात ना, पाय आवरून, तसं. मला मुलगी नाही. सून येईल, घरात आवाज होईल, कुणी दार आपटेल, असं मी मनात धरून बसले होते. पुढं कळलं, जिला रागावून जायला दुसरं घर नाही, ती रागावत नाही. तिला ते परवडत नाही. तिचं माहेर तुटलं होतं, म्हणून तिला सासरही धड मिळत नव्हतं. तुमच्यासाठी लिहीत नव्हते मी, राजूबाई. तिच्यासाठीही नाही. मला माझी सून हवी होती.

तुम्ही आलात त्याच्या चौथ्या दिवशी तिनं आपल्या दोघींना झापलं, आठवतं? “दोघी मिळून माझं डोकं खाऊ नका, एकीनं गप बसा!” तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मला वाईट वाटलं असेल म्हणून. मी न्हाणीघरात जाऊन हसत होते.

उद्धवरावांचंही एक लिहिते. ते तुम्हा तिघींना मेहकरला न्यायला आले त्या दिवशी जीप दारात उभी करून खालीच थांबले. आत या म्हटलं तर, “असू द्या, टायम न्हाई.” काशप्पा बाळ घेऊन गेले, त्यांच्या हातात दिलं, आणि परत वळून घरात आले. आता हात रिकामे नाहीत, दुपटं घरात, टोपी घरात, थंडीचे दिवस. करणार काय? आले आत. दोन लाडू खाल्ले, आणि ‘काटा नीट गाळलाय’ एवढं म्हणाले. बायकोच्या हातचे आहेत हे माहीत होतं त्यांना, तरी माझ्याकडं बघून म्हणाले. मी ते माझ्या नावावर जमा करून घेतलं.

झालं. आता भांडण.

संक्रांतीला मंजूला आणि बाळाला आणून सोडतो, असं ठरलं होतं. काल फोनवर उद्धवराव म्हणतात, पाडव्यानंतर बघू. बघू म्हणजे काय? थंडी आहे म्हणतात. थंडी गेली की ऊन आहे म्हणतील. चन्नवीरला दर शनिवारी तिकडं जेवायला घालता, तो परत येतो तो तुमच्याच जवसाच्या चटणीचं कौतुक करत. परवा वेळ अमावस्येला शेत पुजायला आम्ही दोघंच. एवढी भज्जी केली, एवढं आंबील, खायला कोण? काशप्पा रिकामा झोका हलवतात आणि मी बघितलं की ट्रॅक्टरकडं जातात.

घरात खूप शांत वाटतं. तुमचं घर दीड वर्ष असंच असणार, हे मला आता समजलं. त्याबद्दल मी तुम्हाला काहीच म्हणणार नाही. पण त्याची वसुली माझ्याकडून करू नका.

लेक तुमची, कबूल. नात दोघींची. आणि हे फोनवर मिटणार नाही.

म्हणून येत्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या बसनं निघतोय. न्यायला नाही, भांडायला. पाडवा की संक्रांत ते समोरासमोर ठरवू. दोन दिवस राहू, मुक्कामाशिवाय भांडण नीट होत नाही. भालकीपर्यंत आम्ही येतो, पुढं मेहकरला कुणी तरी पोचवेल. गावात आलो की घर शोधायचा मात्र प्रश्न आहे; आम्ही पाहिलेलं नाही. उद्धवरावांना सांगा, नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसा. त्यावरून ओळखू.

तुमची
उमा